अंतःकरणाचे ‘रक्षण’ की ‘राखण’?

रविवारच्या शाळेतील मुलांसाठी बायबलमधील नीतिसूत्रे 4:23 या वचनावर पाठ लिहीत असलेल्या एका भगिनींनी विचारले आहे की, ‘अंतःकरणाचे रक्षण कर’ हे शब्द मुलांना जड जातात, तर त्यांऐवजी ‘मन जप’ किंवा ‘मन राख’ असे लिहिले तर चालेल काय, आणि बोलण्याविषयी ‘तोंड सांभाळ’ म्हणावे काय.

सोप्या मराठीची ही ओढ नवी नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेही साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणूनच. तरीही ‘मन जप’ लिहू नये असे मी म्हणेन. मराठीत मन जपायचे, राखायचे किंवा सांभाळायचे असते ते बहुधा दुसऱ्याचे. यजमानीणबाईंचे मन राखण्यासाठी पाहुणा भूक नसताना आणखी एक पुरणपोळी खातो. त्यामुळे ‘मन राख’ हे ऐकून मूल असे समजेल की कोणाला दुखवू नये. ही शिकवण चांगलीच आहे, परंतु या वचनाची नाही. मागे ‘आपले’ जोडले तर अर्थ दुसरीकडे घसरतो आणि आपल्या नाजूक मनाला कोणाचा धक्का लागू देऊ नये, असा सूर निघतो. ‘हृदय सांभाळ’ हा तर सरळ डॉक्टरांचा सल्ला वाटतो.

मूळ हिब्रू शब्द ‘लेव’ असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ हृदय असला, तरी हिब्रू माणूस ‘लेव’ने विचार करतो, बेत आखतो आणि निर्णय घेतो. आपण ज्याला बुद्धी म्हणतो तीही त्यातच येते. वेदान्ताच्या परिभाषेत मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार मिळून अंतःकरण होते. म्हणून तो शब्द इथे ‘हृदय’पेक्षा कितीतरी नेमका बसतो. तो काढू नये, मुलांना समजावून सांगावा.

माझी तक्रार आहे ती ‘रक्षण’ या शब्दाविषयी. त्यात बाहेरून चालून येणारा शत्रू आणि बंद दरवाजे डोळ्यांपुढे येतात. मूळ क्रियापद ‘नात्सार’ हे मात्र शेतामळ्यातही वावरणारे आहे. नीतिसूत्रे 27:18 मध्ये अंजिराच्या झाडाची निगा राखणाऱ्यासाठी, यशया 27:3 मध्ये द्राक्षमळा राखणाऱ्या परमेश्वरासाठी आणि ईयोब 27:18 मध्ये खोपटे बांधून बसलेल्या राखणदारासाठी हेच क्रियापद आले आहे. आपल्याकडे जोंधळा हुरड्याला आला की माळ्यावर बसून पाखरे हाकतात, त्याला आपण रक्षण म्हणत नाही, राखण म्हणतो. ‘अंतःकरणाची राखण कर’ असे लिहिल्यास शब्द सोपा होतो आणि मुळाच्या अधिक जवळ जातो. शिवाय वचनाचा उत्तरार्ध अंतःकरणाला जीवनाचा उगम म्हणतो, आणि उगमाशी बसणाऱ्याला आत काय पडते याइतकेच बाहेर काय वाहते हेही पाहावे लागते.

तिथूनच बोलण्याचा प्रश्न येतो, आणि मूळ भाषेत ही दोन्ही कामे एकाच शब्दांनी सांगितली आहेत. स्तोत्र 141:3 मध्ये मुखावर पहारा आणि ओठांच्या दाराची राखण मागितली आहे. त्यातला पहारा ‘शामार’ या धातूचा आणि राखण ‘नात्सार’ची. नीतिसूत्रे 13:3 मध्येही, जो आपले तोंड सांभाळतो तो आपला जीव राखतो असे सांगताना, हेच दोन धातू शेजारी शेजारी येतात.

‘तोंड सांभाळ’ अर्थाने बरोबर आहे, पण आज्ञार्थी रूपात ती आपल्याकडे भांडणातली धमकी असते आणि समोरच्याला दिलेली असते; स्तोत्रकर्ता मात्र स्वतःच्याच तोंडासाठी देवाकडे पहारेकरी मागतो आहे. मुलांसाठी ‘जिभेला लगाम घाल’ बरे पडेल. याकोबाच्या पत्रातही (1:26 आणि 3:2–3) घोड्याच्या तोंडातल्या लगामाचाच दाखला आहे, म्हणून हा वाक्प्रचार तिथे परका वाटत नाही.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण पाठात घालण्याचा मोह होईल, आणि ती घालावीही. फक्त एक फरक मुलांना दाखवावा. म्हणीतला पोहरा कोणीतरी आत सोडावा लागतो. मत्तय 12:34 मध्ये येशू ज्या तोंडाविषयी बोलतो, त्यातून अंतःकरणात काठोकाठ भरलेले न शेंदताच बाहेर सांडते.