तांब्याची दिसतात, तरी खजिनाच

प्रश्न : मी लेस्टरशायरमध्ये राहतो. शेतकऱ्याला तोंडी विचारून त्याच्या रानात मेटल डिटेक्टर फिरवत होतो. फुटक्या मडक्यात १४० रोमन नाणी सापडली. त्याला अकरा दिवस झाले. मेहुणा म्हणतो, तांब्याची आहेत, खजिन्यात मोडत नाहीत, दिवाळीला येताना घेऊन ये. काय करू?

उत्तर : मेहुण्याला दिवाळीला मिठाई न्या, नाणी नकोत.

इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे. ३०० वर्षांहून जुनी नाणी एकत्र सापडली आणि त्यांत सोनं किंवा चांदी निदान १० टक्के असली, तर दोन नाणीही खजिना ठरतात. मेहुण्याने इथवरच वाचलेलं दिसतं. सोनं-चांदी त्याहून कमी असेल, तर दहा नाणी पुरतात. तुमच्याकडे १४० आहेत! तिसऱ्या शतकात रोमन सम्राटांनी नाण्यातली चांदी इतकी उतरवली की वर नुसता मुलामा उरला. तुमची त्यातलीच असू शकतील. मडक्याची खापरंही त्याच ऐवजाचा भाग, ती फेकू नका. आणि कृपा करून नाणी चिंचेने घासू नका, ती देवघरातली भांडी नव्हेत.

खजिना असावा असं वाटल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला (खजिन्याची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. सापडल्या दिवसापासून मोजलं तर तुमच्या हातात तीन दिवस आहेत. तुमच्या भागातल्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करून कॉरोनरला कळवणाऱ्या अधिकाऱ्याला, आजच ईमेल करा, पोच जपून ठेवा. मुदत चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवून विकणं तर सरळ चोरीत जातं : लेमिन्स्टरजवळ २०१५ मध्ये सापडलेला व्हायकिंगकालीन ऐवज दडवणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये दहा आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या.

खड्ड्यात आणखी काही असेल तर हात लावू नका. २०१० मध्ये इंग्लंडमधल्याच फ्रोम गावाजवळ तुमच्यासारखेच डिटेक्टर फिरवणारे डेव्ह क्रिस्प यांनी खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्या रांजणातून ५२,५०३ नाणी निघाली आणि मोल ३,२०,२५० पौंड ठरलं.

संग्रहालयाने नाणी घेतली, तर बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मं-निम्मं वाटतात. विनापरवाना शिरलात असं दिसलं, तर तुमचा वाटा कापला जाऊ शकतो. तोंडी परवानगी चालते, पण सिद्ध कशी करणार? शेतकऱ्याला आजच फोन करा, सगळं सांगा आणि परवानगी दिली होती एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. कागदावर आजचीच तारीख घाला, मागची नको.