‘हे सांगितलं तर मुलाच्या मनात नको ते भरणार नाही ना?’

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल पालकांना कितपत माहिती आहे हे पाहण्यासाठी एका शाळेत पहिलीच्या पालकांना प्रश्नावली दिली होती. सुरुवातीला ‘हो/नाही’चे प्रश्न होते: असं घडतं हे माहीत आहे का, मुलांशी याविषयी बोलायला हवं असं वाटतं का. बहुतेक सगळ्यांनी ‘हो’वर खूण केली. पुढे एक प्रसंग होता आणि खाली चार कोऱ्या ओळी: ‘तुमचं मूल म्हणतं, मला त्या दादाकडे खेळायला नाही जायचं, तो घाणेरडं खेळतो. तुमच्या तोंडून निघेल ते पहिलं वाक्य लिहा.’ बऱ्याच कागदांवर त्या ओळी कोऱ्याच राहिल्या.

सहा वर्षांच्या मुलाची एक आई नंतर भेटायला आली ती या कोऱ्या ओळींमुळेच. ‘सगळं माहीत आहे, पण लिहायला काही सुचेना. आणि खरं सांगू का, बोलायचीच भीती वाटते. त्याला यातलं काहीच कळत नाही, उगाच त्याच्या मनात नको ते भरेल. शिवाय मुलगाच आहे, मुलगी असती तर गोष्ट वेगळी.’

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ या समजुतीमुळे मुलग्यांचं बोलणं घरात ऐकूनच घेतलं जात नाही.

आता मनात भरण्याची भीती. शरीराच्या सुरक्षेचे साधे नियम वयाला शोभेल अशा भाषेत सांगितले तर मूल बिघडत नाही. रस्ता ओलांडायला शिकवताना आपण अपघाताचं वर्णन करत बसत नाही, तसंच हे. मूल घाबरतं ते मोठ्यांच्या बदललेल्या आवाजाने आणि दार लावून केलेल्या गंभीर भाषणाने.

या आईच्या बाबतीत नेमकं तेच झालं. तिने घरी जाऊन एकाच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं: ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’, नाही म्हण, ओरड, पळ. मुलाने विचारलं, ‘बाबांनी मारलं तो वाईट स्पर्श का?’ आणि नंतर दोन दिवस आजोबांच्या मांडीवर बसायला तयार नाही. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. दुखतं ते वाईट, असंच लहान मुलाला वाटतं. अत्याचार मात्र अनेकदा न दुखवता, खाऊ देऊन, खेळ म्हणून, लाडाच्या आडून सुरू होतो. मूल तो ‘वाईट’ या खात्यात टाकतच नाही. म्हणून भावनेपेक्षा नियम द्यावा.

तिच्यासोबत मग हे तुकड्यातुकड्यांनी ठरवलं. पहिल्या आठवड्यात फक्त आंघोळीच्या वेळी अवयवांची नावं, लिंग आणि गुदद्वार हे शब्दही नाक-कान म्हणतो तितक्याच सहजपणे. नाव माहीत असेल तर मूल नेमकं सांगू शकतं. दुसऱ्या आठवड्यात नियम: चड्डीखालच्या जागा आपल्या स्वतःच्या. आई-बाबा स्वच्छतेसाठी आणि डॉक्टर तपासणीसाठी, तेही आई किंवा बाबा समोर असताना; बाकी कुणी तिथे हात लावायचा नाही, पाहायचं नाही, फोटो काढायचा नाही, त्यांच्या तशा जागेला मुलाला हात लावायलाही सांगायचं नाही. मग गुपितं: वाढदिवसाची गंमत नंतर सगळ्यांना कळते, ती चालते, ‘आईला सांगू नकोस’ असं गुपित मात्र लगेच आईला सांगायचं. शेवटी त्याने स्वतः विश्वासाची चार-पाच मोठी माणसं निवडायची, त्यांतलं एक तरी घराबाहेरचं. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

‘नाही म्हण, पळ’ एवढंच शिकवणं धोक्याचं आहे. ओळखीच्या मोठ्या माणसापुढे मूल गोठून जातं, आणि मग ‘मी नाही म्हटलं नाही’ याचा दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसतं. त्यामुळे ‘नाही म्हणता आलं नाही तरी तुझी चूक नाही, नंतर कधीही सांग’ हे वाक्य जोडलंच पाहिजे. शिवाय पाहुण्यांना पापा द्यायची सक्ती घरात थांबवली नाही, तर या सगळ्या नियमांना मुलाच्या लेखी काही किंमत उरत नाही.

इतर शाळांनाही अशी पाहणी करायची असेल तर आई आणि बाबांना वेगवेगळे कागद द्यावेत, नावाविना, आणि बंद पेटीत टाकायला सांगावं; शेजारी बसून भरले की उत्तरं सारखीच येतात. बारा-पंधरा प्रश्न पुरतात. ‘तुमच्या मुलासोबत असं घडलंय का’ हा प्रश्न निनावी कागदावर नको: कुणी ‘हो’ लिहिलं तर ते मूल कोणतं हे कळणार नाही आणि मदतही पोचणार नाही. काही पालकांच्या स्वतःच्या लहानपणीच्या जखमा उघड्या पडतात, म्हणून कागदाच्या तळाशी समुपदेशकाची वेळ आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइन क्रमांक हवाच. पाहणीनंतर पालकांसाठी माहितीचं सत्र घेतलं आणि तोच कागद ते संपल्या संपल्या पुन्हा भरून घेतला, तर फक्त पाठांतर मोजलं जातं. सहा-आठ आठवड्यांनी भरून घ्यावा, आणि ‘माहीत आहे का’ऐवजी ‘मुलाशी बोललात का, काय बोललात’ असं विचारावं.

आणि त्या कोऱ्या ओळी? तिथे लिहायचं ते एवढंच: ‘बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही.’ ‘नक्की ना?’ किंवा ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे नको. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नये, ते पाळता येत नाही. खोदून-खोदून विचारू नये. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावं. मूल ज्याच्याबद्दल सांगतंय त्या व्यक्तीला मुलासमोर जाब विचारू नये. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत आणि थेट रुग्णालय गाठावं. एचआयव्हीला रोखणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. सरकारी असो वा खासगी, उपचार विनामूल्य मिळायला हवेत आणि त्यासाठी पोलिसांचं पत्र मागता येत नाही.

पोलिसांत जायची धास्ती पुष्कळांना असते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही, त्याची ओळख प्रसारमाध्यमांना उघड करता येत नाही. याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावी लागते. त्यामुळे ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ असं कुणी वडीलधाऱ्याने सुचवलं, तरी आई-वडिलांना तसं करण्याची मुभा नाही.