मान हलवली म्हणजे ‘हो’ : सोफियाला जाणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नणंदेबरोबर सोफियाला, म्हणजे बल्गेरियाच्या राजधानीला, आठ दिवस राहून आले. झालं, पत्रं नि मेल सुरू. निम्म्यांना वाटलं सोफिया ही आमची कोणी मैत्रीण आहे. बाकीच्यांचे प्रश्न मात्र कामाचे होते, त्यातले थोडे घेतलेत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं साठीच्या पुढचे. टूरवाला म्हणतो बाल्कनच्या पाच राजधान्या नऊ दिवसांत, त्यात सोफियाला अर्धा दिवस. तेवढा पुरतो का? आणि मार्चमध्ये जावं की मेमध्ये? (कोथरूड)

काका, अर्ध्या दिवसात काय होतं ते सांगते. बस अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलसमोर थांबते, सोनेरी घुमटाचा फोटो, टॉयलेट, परत बस. ते कॅथेड्रल आहेच बघण्यासारखं, १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात मेलेल्या रशियन सैनिकांच्या आठवणीत बांधलेलं, आत पाच हजार माणसं मावतील एवढं. पण सोफियाची खरी मजा पायी फिरण्यात आहे, आणि मधलं शहर इतकं आटोपशीर आहे की लक्ष्मी रोडला खरेदीला जाणाऱ्या कुणालाही ते जड जाणार नाही.

सेर्दिका नावाचं मेट्रो स्टेशन आहे तिथून सुरुवात करा. सेर्दिका हे शहराचं रोमन काळातलं नाव. आपल्याकडे मेट्रोचं खोदकाम म्हटलं की धूळ, पत्रे आणि डायव्हर्जन, तिथे खोदताना अख्खे रोमन रस्ते नि घरांचे पाये निघाले, मग त्यांनी ते तसेच ठेवले आणि वर काचेची छपरं घातली. तिकीटबिकीट काही नाही, लोक ऑफिसला जाताना दीड-पावणेदोन हजार वर्षांच्या फरशांवरून चालत जातात. आम्ही पहिल्या दिवशी तिथे नुसत्या बसून राहिलो, एक आजोबा रोमन भिंतीला टेकून शांतपणे पेपर वाचत होते, म्हटलं हे आपल्या शनिवारवाड्याच्या पायरीवर बसणाऱ्यांसारखंच आहे.

वर आलात की पाच-दहा मिनिटांच्या अंतरात सोळाव्या शतकातली बान्या बाशी मशीद, १९०९ चं सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॅथलिक चर्च, सगळं एकमेकांच्या शेजारी. गंमत म्हणजे ख्रिश्चनांचा छळ थांबवायचा हुकूम रोमन बादशहा गॅलेरियसने इसवी सन ३११ मध्ये काढला तो याच गावातून. मशिदीच्या मागे जुन्या स्नानगृहाची पट्ट्यापट्ट्यांची सुंदर इमारत आहे (आत आता शहराचं म्युझियम) आणि तिच्याजवळच गरम खनिज पाण्याचे नळ. म्हातारी माणसं पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन रांगेत. मी वज्रेश्वरीच्या सवयीने नाक मुठीत धरून गेले तर गंधकाचा वास जवळजवळ नाहीच, आम्ही बाटल्या भरून घेतल्या. चहा मात्र त्याचा काही खास झाला नाही.

तिथून राष्ट्राध्यक्षांच्या इमारतीकडे जा, मागच्या चौकात, म्हणजे अक्षरशः सरकारी इमारतींच्या अंगणात, चौथ्या शतकातलं लाल विटांचं गोल चर्च उभं आहे, सेंट जॉर्जचं. दर तासाला पहारा बदलतो तोही दिसेल. आणि या भागात रस्ते पिवळ्या विटांचे आहेत, १९०७-०८ च्या सुमाराला बसवलेल्या, उन्हात लोण्यासारख्या चमकतात. पाऊस पडला की मात्र त्यांच्यावरून जपून, कारण आमच्या नणंदबाई तिथेच भर चौकात बसल्या, लागलं नाही फार पण पहाऱ्यावरच्या सैनिकाचंही तोंड हललं असं त्या अजून सांगतात. म्हणून चांगल्या ग्रिपचे बूट, चपला-सँडल नकोत.

आता मार्च की मे. सोफिया साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आपल्या पुण्यासारखीच, पण थंडी पुण्याची नव्हे. मार्चमध्ये बर्फ पडू शकतो. एप्रिलमध्ये दुपारी पंधरा-सोळा डिग्री, सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतोच. मेमध्ये वीसच्या पुढे, चेस्टनटची झाडं फुलतात, पण मे-जून हाच तिथला जास्तीत जास्त पावसाचा काळ, छत्री हवीच. साठीच्या पुढच्यांना मी मेचा पहिला पंधरवडा सांगेन. एप्रिलची एक गोष्ट मात्र मेमध्ये मिळणार नाही : व्हितोशा बुलेव्हार म्हणून वाहनबंदी असलेला रस्ता आहे, तिथे कॅफेत बसायचं, अंगावर ऊन आणि रस्त्याच्या टोकाला बर्फाची टोपी घातलेला व्हितोशा डोंगर. त्याचं शिखर २२९० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेसहाशे मीटर उंच, आणि ते शहराला इतकं खेटून की सिटी बसने पायथ्याशी जाता येतं.

पायथ्याच्या बोयाना चर्चसाठी अर्धा दिवस ठेवा. छोटंसं आहे, पण आतली १२५९ सालची भित्तिचित्रं बघून मी गप्प झाले. त्यातली देसिस्लावा नावाची बाई अशी बघते की जणू तुम्ही तिला काहीतरी विचारलंय आणि ती उत्तर द्यावं का याचा विचार करतेय. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात आणि दहाएक मिनिटांत बाहेर, त्यामुळे मोबाईल बॅगेत ठेवा नि नुसतं बघा. तिथून वर चालत बोयाना धबधब्याला जाता येतं, वसंतात बर्फ वितळत असतो म्हणून तेव्हा तो जोरात असतो, पण चढण आहे, गुडघ्यांना विचारून ठरवा.

रिला मठ, म्हणजे डोंगरातला प्रसिद्ध ऑर्थोडॉक्स मठ, हवाच असेल तर त्याला एक आख्खा दिवस द्या, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. थोडक्यात काका, चार ते पाच दिवस. नऊ दिवसांत पाच राजधान्या म्हणजे राजधान्या कमी नि बसच्या खिडक्या जास्त.

प्रश्न : सासूबाईंना घेऊन जायचंय. त्या शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहतील का? (सिंहगड रोड)

उपाशी नाही राहणार, पण आधी माझी फजिती ऐका. दुसऱ्याच सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले, गरमागरम बानित्सा दिसली, म्हणजे पातळ पापुद्र्यांची पेस्ट्री, आपल्या खारीची मोठी बहीण. बोट दाखवून विचारलं, “मीट?” काउंटरवरच्या बाईने मान डावी-उजवीकडे हलवली. मी खूश, दोन घेतल्या, बाकावर बसून पहिला घास आणि आत खिमा! परत जाऊन भांडणार होते तेवढ्यात आठवलं, बल्गेरियात मान आडवी हलवली म्हणजे ‘हो’ आणि वर-खाली म्हणजे ‘नाही’. विमानात हेच मी नणंदेला वाचून दाखवलं होतं! त्याहून वाईट म्हणजे परदेशी माणूस दिसला की काही लोक त्याच्या सोयीसाठी मुद्दाम आपली पद्धत उलटी करतात, मग कुठली मान कुठल्या अर्थाची हे देवच जाणे, आणि त्यात आपण पुणेकर तिरकी मान डोलावणार. त्यामुळे मानेकडे बघूच नका, शब्द ऐका. ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही.

सासूबाईंसाठी तीन शब्द पाठ करा : ‘बेझ मेसो’ म्हणजे मांसाशिवाय, ‘बेझ याय्त्सा’ म्हणजे अंड्याशिवाय, आणि सगळ्यात कामाचा ‘पोस्नो’. ईस्टरच्या आधी तिथले ऑर्थोडॉक्स लोक उपवास करतात, त्यात मांस, अंडी, दूधदुभतं सगळंच वर्ज्य, त्या जेवणाला पोस्नो म्हणतात. आम्ही ईस्टरच्या आदल्या आठवड्यात होतो, बऱ्याच ठिकाणी पोस्नोचा वेगळा बोर्डच लावलेला. सासूबाईंना सांगा त्यांचा उपास म्हणजे आपल्यासारखा साबुदाण्याचा घाट नाही, वालासारख्या पांढऱ्या बियांचं सूप (बॉब चोर्बा), भाज्या, पाव असं साधं असतं. ऑर्थोडॉक्स ईस्टर दर वर्षी हलतो, २०२७ मध्ये तो २ मेला आहे, म्हणजे त्या वर्षी अख्ख्या एप्रिलभर हा बोर्ड दिसेल.

साध्या बानित्सातही पांढऱ्या चीजबरोबर अंडं असतंच, हे मला चौथ्या दिवशी कळलं, नणंदेला अजून सांगितलेलं नाही (आता हे वाचून कळेल). बिनधास्त खायच्या गोष्टी म्हणजे शोप्स्का सॅलड, टोमॅटो-काकडीवर किसलेलं चीज, आणि तारातोर, म्हणजे दह्यात काकडी, लसूण, शेपू, अक्रोड घालून केलेलं थंडगार सूप. शेपू ऐकून नाक मुरडू नका, आमच्या घरी शेपूची भाजी झाली की मी पोहे करून खाते, तरी तारातोर दोन वाट्या प्यायले. दही तर काय, ज्या जिवाणूमुळे दही लागतं त्यातल्या एकाच्या नावातच बल्गेरिया आहे, स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन डॉक्टरने तो १९०५ मध्ये शोधला. आणि शारेना सोल विसरू नका : लाल मिरची, मेथीच्या जातीचं काहीतरी आणि चुब्रित्सा नावाचा वाळका पाला घातलेलं रंगीत मीठ, पावाला लावून खातात. मी चाखलं आणि म्हटलं, हे तर मेतकूट! चार पाकिटं आणली, दोन जावेने पळवली.

प्रश्न : व्हिसाचं थोडक्यात सांगाल का? सोफियाहून स्कोप्ये करून परत सोफियाला यायचा विचार आहे. (औंध)

बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा. मोठ्यांची फी ९० युरो, किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटचे पंधरा दिवस उरेपर्यंत थांबू नका. तुमच्या प्लॅनमध्ये एक गोम आहे ती बघा : स्कोप्ये उत्तर मॅसिडोनियात, ते शेंगेनच्या बाहेर. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर स्कोप्येला गेलात की सोफियाचं दार बंद, मग परतीचं विमान बसा बघत. डबल किंवा मल्टिपल एंट्री मागा, नाहीतर शेजारच्या ग्रीस किंवा रोमानियाला जा, दोन्ही शेंगेनमध्येच आहेत.

पुण्याहून थेट विमान नाही, मुंबई गाठा आणि मध्ये कुठेतरी बदला. सोफियाच्या टर्मिनल दोनपासून मेट्रो थेट शहरात जाते, त्यामुळे विमानतळावर गळ्यात पडणाऱ्या टॅक्सीवाल्यांना ‘ने’ म्हणा, मान न हलवता.

प्रश्न : भावाकडे जुन्या ट्रिपचे लेव्हा उरलेत. चालतील? (बिबवेवाडी)

दुकानात नाही. लेव्हा हे तिथलं जुनं चलन, १ जानेवारी २०२६ पासून त्याच्या जागी युरो आला. पण बल्गेरियाच्या नॅशनल बँकेत ते कधीही बदलून मिळतात, मुदत नाही. दर ठरलेला आहे, १ युरोला १.९५५८३ लेव्हा. भाऊ देत असेल तर घेऊन जा, त्यात एखादी कॉफी निघेल.

प्रश्न : मुलाच्या हिंजवडीच्या ऑफिसात मार्चच्या सुरुवातीला सोफियाचा एक क्लायंट आला होता, त्याने सगळ्या टीमच्या हातात लाल-पांढरा दोरा बांधला. मुलगा काढायला तयार नाही, म्हणतो करकोचा दिसेपर्यंत काढायचा नसतो. हे काय प्रकरण आहे? तोडगा वगैरे नाही ना? (कर्वेनगर)

नाही हो, घाबरू नका! त्याला मार्तेनित्सा म्हणतात. १ मार्चला तिथे ‘बाबा मार्ता’ येते. बाबा म्हणजे बाप नाही हं, बल्गेरियनमध्ये बाबा म्हणजे आजी, ही मार्चआजी. महालहरी बाई, हसली तर ऊन, चिडली तर बर्फ, म्हणून तिला खूश ठेवायला लाल-पांढरा दोरा. स्वतःसाठी विकत घ्यायचा नसतो, दुसऱ्याने द्यायचा, तब्येतीला चांगला म्हणून. मग करकोचा, पाकोळी किंवा फुललेलं झाड दिसलं की हातातून सोडायचा आणि झाडाला बांधायचा. २०१७ मध्ये युनेस्कोनेही या प्रथेची नोंद घेतली.

आम्ही गेलो तेव्हा एप्रिलचा मध्य होता, म्हणजे दोरे हातांतून उतरून झाडांवर गेलेले. आमच्या भाड्याच्या फ्लॅटखाली एक आलुबुखाराचं झाड होतं, पांढरी फुलं गळत आलेली आणि फांदी न् फांदी दोऱ्यांनी भरलेली, काहींना गोंडे, काहींना लोकरीच्या चिमुकल्या बाहुल्या, पावसाने लाल रंग उतरून पांढरा दोरा गुलाबी झालेला. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा वड आठवला मला. घरमालकीणबाईंनी ईस्टरला आम्हाला एकेक लाल रंगवलेलं अंडं दिलं (नणंदेने ते रुमालात गुंडाळून शेवटपर्यंत शोभेसाठी ठेवलं) आणि सोबत घरात उरलेले दोन दोरे, पुढच्या मार्चला बांधा म्हणून.

तेव्हा मुलाला सांगा, करकोच्यासाठी अडून बसायला नको, फुललेलं झाडही चालतं आणि मार्चमध्ये पुण्यात त्याला काय तोटा. अगदीच करकोचा हवा असेल तर एका रविवारी पहाटे भिगवणला जा, चित्रबलाक दिसतीलच, तेही करकोचेच. झाडाला बांधताना फक्त सैल बांधा म्हणावं, फांदी वाढली की दोरा रुततो. आम्ही या मार्चमध्ये आमचे दोन सोसायटीच्या आंब्याला मोहराजवळ बांधले, अजून आहेत. वॉचमनकाकांनी दोनदा विचारून झालंय, मॅडम हा कुठल्या देवाचा?