जुन्या क्यूनॅप टीएस-४५३ए नॅसवर (नेटवर्कवरून फाइली साठवायच्या पेटीवर) ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅससाठीची मोफत सिस्टीम) टाकता येईल का? आतला डेटा राहील का?

टाकता येईल, पण डेटा राहील असं धरून चालू नका. या मॉडेलमध्ये इंटेल सेलेरॉन प्रोसेसर आणि एचडीएमआय पोर्ट आहे, म्हणजे आतून तो साधा पीसीच. मॉनिटर-कीबोर्ड जोडा, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर बूट करा. क्यूनॅपची मूळ सिस्टीम आतल्या ५१२ एमबीच्या फ्लॅशवर असते. तिथे ओपनमीडियाव्हॉल्ट मावत नाही आणि तिला हात लावूही नये, उद्या परत फिरायचं झालं तर तीच लागेल. नवी सिस्टीम दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा छोट्या एसएसडीवर टाका. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर डिस्कवरचं लिहिणं कमी करणारं प्लगइन (जोड-प्रोग्राम) घाला, नाहीतर सततच्या लिहिण्याने तो लवकर मरतो. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्क सरळ काढून ठेवा. चुकीची डिस्क निवडून सगळं पुसलं जाणं हा यातला सर्वात सोपा अपघात आहे.

डेटाचं म्हणाल तर क्यूनॅप रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) स्वतःचे बदल केलेलं एलव्हीएम (डिस्कवरच्या जागेची वाटणी सांभाळणारी व्यवस्था) वापरतं. साध्या डेबियनला (लिनक्सचा एक प्रकार, ओपनमीडियाव्हॉल्ट त्यावरच उभं आहे) ते बहुधा वाचता येत नाही. म्हणून आधी दुसरीकडे पूर्ण कॉपी, मग डिस्क नव्याने फॉरमॅट.

एक अडचण मात्र उरते: पंखा. त्याचं नियंत्रण वेगळ्या चिपकडे असतं आणि ती आपोआप ओळखली जाईलच असं नाही. पहिले काही दिवस डिस्कचं तापमान बघत राहा.