जुन्या दुर्बिणीसाठी लेझर कोलिमेटर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की ओळखीतून सहा इंची न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) मिळाली, १२०० मिमी फोकल लांबीची. आरशाच्या बैठकीच्या स्प्रिंगा आणि फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) गायब आहेत. तर आधी लेझर कोलिमेटर, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायचं लेझरचं साधन, मागवू का, आणि एकूण खर्च किती येईल?

लेझर मागवू नका. आधी स्प्रिंगांचं बघा. बैठक डगमगत असेल तर कुठलंही साधन तुमची दुर्बीण जुळवून देणार नाही.

माझी सहा इंची ७५० मिमीची आहे, ती अशाच अवस्थेत आली होती. मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो, बावीस वर्षं झाली. आधीच्या मालकाने स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले होते. नळा आडवा ठेवून आरसा जुळवला की ठीक दिसायचा, नळा आकाशाकडे केला की आरसा रबरावर बसायचा आणि सगळं हललेलं असायचं. मी मोटरसायकलच्या क्लचच्या स्प्रिंगा आणल्या. चारचा सेट येतो, तीन लागल्या. भोक मोठं पडत होतं म्हणून कॉलर असलेले तीन वॉशर लेथवर काढले. आरशाच्या कडेच्या क्लिपाही सैल केल्या. क्लिप आणि काच यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. आवळून धरलेल्या आरशात तारा तिकोनी दिसतो.

इथवर दादाला काही म्हणायचं नव्हतं. माझा थोरला भाऊ फिजिक्स शिकवतो. त्याने कुठूनसा लेझर कोलिमेटर आणला, फोकसरात (डोळ्याचं भिंग बसवतात त्या नळीत) घातला, लाल ठिपका आरशाच्या मधोमध आणला, परतीचा ठिपका लेझरच्या भोकात बसवला आणि दहा मिनिटांत म्हणाला, झालं. रात्री पुनर्वसूतला कॅस्टर लावला. १२५ पट मोठा करूनही एकच तारा, तोही एका बाजूला शेपूट फुटलेला. कॅस्टर जोडतारा आहे, दोघांत ५ विकलांच्या आसपास अंतर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), सहा इंचीत सहज सुटा दिसायला हवा.

दादा म्हणाला, आरसाच गेलेला आहे, पैशाची माती केलीस. मी म्हटलं, दादा, लेझर तिथल्या तिथे फिरवून बघू. त्यावर तो म्हणाला, "प्रकाश सरळच जातो. लेथवरचे नियम इथे लावू नकोस."

हे वाक्य मला आजही लागतं.

दुसऱ्या दिवशी लेझर कारखान्यात नेला. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवला, पंधरा फुटांवरच्या भिंतीवर ठिपका पाडला आणि हाताने हळूहळू फिरवला. ठिपक्याने भिंतीवर बांगडीएवढं वर्तुळ काढलं. किरण सरळच होता, पण नळकांड्यात डायोड तिरका बसवलेला होता. जॉब रनआउटमध्ये आहे, म्हणजे फिरताना डगमगतो, असं म्हणायच्या आधी तो मोजणारा डायल गेज घट्ट बसलाय का ते बघायचं, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकतात. हबल दुर्बिणीचं हेच झालं. तिचा २.४ मीटरचा आरसा ज्या उपकरणाने तपासला, त्यातलंच एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. साध्या चाचण्या दोष दाखवत होत्या, पण भारी उपकरणापुढे त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. १९९० मध्ये ती वर गेली आणि १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, ते वेगळं.

मग मी माझ्या पद्धतीने जुळवलं. फोटो स्टुडिओवाल्याकडून फिल्मरोलची जुनी डबी मागून घेतली. सव्वा इंची फोकसरात ती बरोबर बसते. बुडाला मधोमध बारीक भोक पाडलं. आरशाच्या मध्यावर फायलीतल्या कागदाच्या भोकाला चिकटवतात ती गोल रिंग लावली. तो भाग दुय्यम, म्हणजे फोकसरासमोरच्या छोट्या तिरक्या आरशाच्या सावलीतच असतो, प्रतिमेचं काही बिघडत नाही. डबीतून डोळा लावून आधी तिरका आरसा, मग मोठा. शेवटचा निकाल ताऱ्यावर. फोकस किंचित घालवला की कडी दिसतात, त्यातला काळा ठिपका मधोमध येईपर्यंत मागचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवायचे आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यावर आणायचा. पुस्तकं ध्रुव घ्या म्हणतात, कारण तो हलत नाही. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो, तिथली हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. डोक्यावरचा तारा घ्या, नळा ढकलत राहा.

त्या रात्री कॅस्टर फुटला. दोन टिपूर ठिपके, मध्ये काळी फट. आरसा तोच होता. दादाने बघितलं आणि म्हणाला, आज हवा शांत आहे.

आता काही गोष्टी राहिल्या. तुमची १२०० म्हणजे एफ/८ (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास), माझी एफ/५. एफ/८ ला माझ्यापेक्षा सुमारे चौपट चूक चालते, म्हणून तुमचं काम डबीवरच भागेल. दुय्यम आरसाच गायब असेल तर मात्र हे सगळं विसरा. घरातल्या आरशाचा तुकडा चालत नाही, त्याचा मुलामा मागच्या बाजूला असतो. फाइंडरऐवजी वायरिंगच्या पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा नळ्यावर बांधा, चंद्र-गुरू सापडतात. दिवसा दूरच्या मोबाइल टॉवरवर ती नळी जुळवताना सूर्याकडे तोंड होऊ देऊ नका, पोरं आसपास असतील तर अजिबात नाही. खर्च म्हणाल तर स्प्रिंगा, वॉशर, डबी आणि नळी मिळून दोघांच्या हॉटेलच्या जेवणापेक्षा कमी.

लेझर आधीच मागवला असेल तर परत करायची गरज नाही. फळीवर चार खिळे दोन फुल्यांसारखे ठोका, त्यावर लेझर ठेवून फिरवा. बाजूच्या बारीक स्क्रूंनी तो सरळ करता येतो, ते बहुधा सिलिकॉनखाली दडलेले असतात. समोरच्या भिंतीवर ठिपका एका जागी थांबला की मगच तो फोकसरात घाला.