लँडस्केपमध्ये पडकी भिंत कशासाठी?

तुम्ही विचारलंय, निसर्गचित्रात पडके बुरूज नि मोडक्या कमानी इतक्या का दिसतात. त्यांना काही अर्थ असतो, की चित्र उठावदार दिसावं म्हणून घालतात?

दोन्ही. पण पडझड कधीकधी चित्रकाराने बाहेरून आणून बसवलेली असते. सतराव्या शतकातल्या याकोब फान राउसडाल या डच चित्रकाराचं ज्यू दफनभूमीचं चित्र बघा. थडगी ॲमस्टरडॅमजवळच्या आउडरकर्कची, खरीखुरी. मागची पडकी इमारत मात्र तिथे नव्हतीच! सोबत वठलेलं झाड, वाहता ओढा, वर इंद्रधनुष्य. माणूस जातो, त्याने बांधलेलंही जातं. इंद्रधनुष्य तेवढं आशेला.

फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर त्याहून खट्याळ. 1796 मध्ये त्याने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं मोठं दालन छत कोसळलेलं रंगवलं, इमारत धडधाकट उभी असताना. त्या ढिगाऱ्यात एक चित्रकार शाबूत उरलेल्या अपोलो या ग्रीक देवाच्या पुतळ्याचं चित्र काढत बसलाय. म्हणजे तिथे पडझड गेलेल्या काळाची नाही, येणाऱ्या काळाची.

माझं म्हणाल, तर मी हे शिकलो नवी मुंबईतल्या बेलापूरच्या किल्ल्यावर. बरेच रविवार तिथे स्केचबुक घेऊन बसायचो आणि मागचे टॉवर बिनदिक्कत गाळायचो. भिंत, झाडी, आभाळ. चित्रं गोड यायची, कॅलेंडरवर असतात तशी. एकदा ऊन फार म्हणून भिंतीला खेटून बसलो आणि पिंपळाचं एक मूळच काढायला घेतलं. बोटाएवढं मूळ दोन चिऱ्यांच्या फटीत शिरलेलं, फट रुंद झालेली. आणि पुढे तेच मूळ खाली उतरून निसटू पाहणाऱ्या चिऱ्याला कवळून बसलेलं. भिंत पाडणारंही तेच, धरून ठेवणारंही तेच. त्या दिवसापासून दगडाची कड मी तुटक रेषेने काढतो आणि मूळ मात्र पेन न उचलता, एका दमात.

म्हणून भग्नावशेषाचा अर्थ शोधताना त्याच्या शेजारी काय ठेवलंय ते आधी बघा. गुरं चरतायत, वेल चढलाय, कुणी कपडे वाळत घातलेत? आणि काय गाळलंय तेही. हे दुसरं मला सुचलेलं नाही. किल्ले गावठाणातला एक पोरगा माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाला, "काका, आमची बिल्डिंग कुठाय?"

काढली मग. भिंतीपेक्षा उंच आली, इलाज नव्हता.