गुण वाढले म्हणजे सजगता वाढली का?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी रंकाळ्याजवळच्या ध्यानवर्गातल्या लोकांकडून सुरुवातीला आणि शेवटी 'मास' (MAAS, सजगता म्हणजे आत्ता जे चाललंय त्याचं भान मोजणारी) प्रश्नावली भरून घ्यायची, गुण वाढले तर वर्गाचा उपयोग झाला असं लिहायचं, हा तुमचा बेत. पहिला अर्धा भाग चांगला आहे. दुसऱ्यावर तोंडी परीक्षेत तुम्हाला सोडणार नाहीत.

'मास' ब्राऊन आणि रायन यांनी 2003 मध्ये मांडली. विधानं 15, उत्तरं 1 ते 6. सगळी विधानं बेसावधपणाची : खाताना लक्ष नसणं, गाडी चालवत कुठेतरी पोचणं आणि इथे का आलो तेच न कळणं. 'जवळजवळ कधीच नाही' याला 6 गुण, म्हणजे जास्त गुण तेवढी जास्त सजगता, त्यामुळे गुण उलटवायचे (6 चा 1, 1 चे 6 करायचे) नाहीत, थेट सरासरी काढायची. (सवयीने उलटवून अख्खा तक्ता पालथा करणारे दरवर्षी भेटतात.)

खरी गोम पुढे आहे. आपलं लक्ष भरकटतं हे कळायलाही लक्ष लागतं. ज्याला पत्ताच नाही तो बिनधास्त 'कधीच नाही'वर खूण करतो. कोल्हापूरजवळच्या आळत्याला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेला माणूस मन मिनिटामिनिटाला पळतं हे पाहून आलेला असतो, तो स्वतःला कमी गुण देऊ शकतो. म्हणजे गुण घसरले तरी वर्ग फुकट गेला असं नाही. आणि वाढले तर? आठ आठवडे येऊन, गुरुजींसमोर बसून 'काही फरक नाही' लिहायला किती जण धजावतील?

त्यापेक्षा बेअर आणि सहकाऱ्यांची 2006 ची पाच पैलूंची प्रश्नावली घ्या. विधानं 39, लांबलचक आहे, वयस्कर मंडळी कंटाळतात, पण निरीक्षण, वर्णन, भान ठेवून वागणं, स्वतःला दोष न देणं, लगेच प्रतिक्रिया न देणं हे वेगळं दिसतं. एकूण बेरजेवर विसंबू नका. 'निरीक्षण' हा पैलू ध्यान न करणाऱ्यांत बाकीच्या पैलूंशी नीट जुळत नाही, तुमच्याकडे तर नवखेच जास्त. इथे मात्र बरीच विधानं उलटवावी लागतात, गुणांकनाची किल्ली जवळ ठेवा.

मराठी मसुदा आधी पाच-सहा जणांना मोठ्याने विचार करत भरायला लावा. 'लक्ष नसतं' याला 'कधीच नाही' म्हणताना लोक कुठे अडखळतात ते लगेच कळेल. आणि वर्गाला न येणाऱ्यांचा एक गट घ्याच, त्याच दोन तारखांना त्यांच्याकडूनही तेच भरून घ्या. तेवढं जमत नसेल तर निष्कर्षात 'सजगता वाढली' लिहू नका, 'स्वतःबद्दलची उत्तरं बदलली' एवढंच लिहा.